साळीपासून ताटापर्यंत

मराठी भाषेत शेतात डोलणाऱ्या पिकाला ‘भात’ म्हणतात आणि ताटात वाढलेल्या अन्नालाही ‘भात’च म्हणतात. एकाच शब्दाने आरंभ आणि शेवट दोन्ही सांगितले जात असल्यामुळे मधला प्रवास सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक हा प्रवास लांबचा आहे. लोंबीतून सुटलेला दाणा वाळवावा लागतो, साठवावा लागतो, भरडावा व सडावा लागतो. कित्येक ठिकाणी तो आधी उकडावाही लागतो. ह्या प्रत्येक पायरीवर त्याचे वजन, त्याचा कस आणि त्याची चव बदलत जाते. घोटाळा टाळण्यासाठी ह्या पुस्तिकेत सालासकट असलेल्या दाण्याला ‘साळ’, साल काढलेल्या दाण्याला ‘तांदूळ’ आणि शिजवलेल्या अन्नाला ‘भात’ असे म्हटले आहे.

देशात धान्य कमी पडू लागले की लोकांची दृष्टी प्रथम शेताकडे वळते. अधिक जमीन, अधिक पाणी, अधिक खत आणि अधिक उत्पन्न देणारे बियाणे हे उपाय सर्वांना माहीत आहेत व ते आवश्यकही आहेत. परंतु कापणीनंतर जे वाया जाते ते वाचवणे हेही एक प्रकारे पीक काढणेच होय. ही गोष्ट भारतातील ज्या शास्त्रज्ञांनी लवकर ओळखली त्यांच्यापैकी काहींचे कार्य बंगळूर येथे सुरू झाले. बंगळूर हे काही भातशेतीचे गाव नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील ह्या पठारावरचे जुने धान्य म्हणजे नाचणी. कानडीत तिला ‘रागी’ म्हणतात. नदीकाठापासून दूर असलेल्या ह्या शहराला तांदूळ नेहमी बाहेरून आणावा लागला आहे. कदाचित म्हणूनच तांदूळ कमी पडणे म्हणजे काय, ह्याचा विचार करण्याची गरज तेथे तीव्रतेने भासली असावी.

दाण्याच्या पोटात काय असते

साळीचा एक दाणा घेऊन त्याचे नीट निरीक्षण केले तर त्याचे चार भाग दिसतात. सर्वांत बाहेर खरखरीत पिवळट तूस असते. त्याच्या आत तांबूस किंवा तपकिरी रंगाचा पातळ थर असतो. सडताना तो निघाला की त्याला कोंडा म्हणतात. दाण्याच्या एका टोकाला लहानसा अंकुर चिकटलेला असतो. उरलेला मोठा पांढरा भाग म्हणजे पिष्ट, अर्थात स्टार्च, आणि थोडी प्रथिने यांचा साठा होय.

१०० किलो साळ घेतली तर तिच्यात सुमारे २० किलो तूस आणि अंकुरासह सुमारे ८ किलो कोंडा असतो. ७० किलोंच्या आसपास पांढरा तांदूळ उरतो. पण तो सगळा अखंड नसतो. त्यात तुटलेल्या कण्याही आल्या. साळ ओली असेल, उन्हात फार झपाट्याने वाळवली असेल किंवा गिरणी जुनी असेल, तर कण्या वाढतात आणि अखंड तांदूळ घटतो.

वजनाचा हिशेब असा असला तरी पोषणाचा हिशेब निराळा आहे. ब गटातील जीवनसत्त्वे, लोह, स्निग्धांश आणि प्रथिनांचा चांगला वाटा दाण्याच्या बाहेरच्या थरांत व अंकुरात असतो. तांदूळ जितका अधिक पांढरा, तितके हे थर अधिक खरवडलेले असतात. शुभ्र तांदूळ ज्या गुणासाठी आवडतो तो गुण म्हणजे एका अर्थाने त्याच्यातील उणीवच होय.

पांढऱ्या तांदळाची किंमत

ही उणीव जगाला एका रोगामुळे समजली. बेरीबेरी नावाच्या ह्या व्याधीत पायांतील शक्ती जाते, सूज येते, हृदय दुर्बल होते आणि वेळीच उपाय न झाल्यास रोगी दगावतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वाफेवर चालणाऱ्या गिरण्या पूर्व आशियात पसरल्या तेव्हा हा रोग तुरुंगांत, बराकींत व मजुरांच्या वस्त्यांत वाढला. जावा बेटावर क्रिस्तियान आयकमान ह्या डच वैद्याने पाहिले की, रुग्णालयातील शिजलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांनाही तसलाच विकार होतो. त्यांना कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. कोंड्यात काहीतरी असे आहे की ज्याच्या अभावी शरीर चालत नाही, हा निष्कर्ष पुढे निघाला. १९२६ साली जावातच यान्सेन व डोनाट ह्या संशोधकांनी कोंड्यातून ते द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. तेच थायामीन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व.

भारतात ह्या प्रश्नाचा अभ्यास निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत झाला. तिचा आरंभ १९१८ साली रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी केलेल्या बेरीबेरीच्या चौकशीतून झाला होता. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था ही तिचीच पुढील अवस्था होय. १९३५ ते १९४५ ह्या काळात तिचे संचालक असलेले डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी तांदळाच्या पोषणमूल्याचा बारकाईने अभ्यास केला. आंध्राच्या किनारपट्टीवर गिरणीतील न उकडलेला तांदूळ खाल्ला जाई, तेथे बेरीबेरी आढळे. जेथे गोरगरीब लोक उकडा तांदूळ खात, तेथे ती क्वचितच दिसे.

भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणतक्त्यांतील आकडे ही गोष्ट स्पष्ट करतात. न उकडलेल्या व गिरणीत सडलेल्या १०० ग्रॅम तांदळात सुमारे ०.०६ मिलिग्रॅम थायामीन असते. तोच तांदूळ हाताने सडला तर सुमारे ०.२१ मिलिग्रॅम उरते. साळ उकडून मग गिरणीत सडली तरीही सुमारे ०.२१ मिलिग्रॅम राहते. १०० ग्रॅम कोंड्यात मात्र हेच प्रमाण २.७ मिलिग्रॅमपर्यंत असते.

ह्या आकड्यांचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने महात्मा गांधी व जे. सी. कुमारप्पा यांच्या प्रेरणेने हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. पोषणाच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु उखळ, मुसळ आणि कोकणातील घिरट यांच्यापाशी पहाटेपासून राबणाऱ्या स्त्रीचे श्रमही विसरता येत नाहीत. गिरणी आली ती श्रम वाचवीत आली, आणि ती परत जाणार नव्हती. तेव्हा प्रश्न असा होता : गिरणीचा वेग आणि हातसडीचा कस ही दोन्ही एकत्र मिळवता येतील काय? त्याचे उत्तर उकड्या तांदळात दडलेले होते.

बंगळूरची प्रयोगशाळा

जमशेटजी टाटा यांच्या देणगीतून १९०९ साली बंगळूर येथे भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील जीवरसायनशास्त्राच्या विभागात डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन् हे प्राध्यापक होते. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पाण्याखाली बुडालेल्या जमिनीच्या जीवरसायनशास्त्रावर संशोधन केले होते. भाताचे खाचर म्हणजे अशीच जमीन. तिच्यात प्राणवायू लवकर संपतो, आणि प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजंतू तेथील द्रव्यांत निराळीच उलथापालथ घडवून आणतात. अशा रीतीने ह्या शास्त्रज्ञाचा तांदळाशी संबंध मातीपासूनच जडला होता.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्या विभागाचे लक्ष मातीकडून अन्नाकडे वळवले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तेथून दरवर्षी भारतात येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ बंद झाला. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. चौकशी आयोगाच्या अंदाजानुसार त्यात १५ लाख माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ह्याच्या दुपटीपर्यंत जातात. त्या आयोगाच्या सभासदांत कुन्नूरचे आयक्रॉइड हेही होते. केवळ पिकाची तूट हे त्या अनर्थाचे एकमेव कारण नव्हते. भाववाढ, साठेबाजी आणि राज्यकर्त्यांची अनास्था हीही कारणे होती. तथापि अन्नाचा प्रश्न शास्त्रज्ञांच्या दाराशी येऊन उभा राहिला हे खरे. बंगळूरच्या विभागात सोयाबीनपासून दूध काढण्याचे प्रयोग झाले आणि स्वस्त, पौष्टिक पर्यायी अन्ने तयार करण्याच्या दिशेने काम सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर हेच काम मोठ्या प्रमाणावर करण्यासाठी ऑक्टोबर १९५० मध्ये म्हैसूर येथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिच्यासाठी म्हैसूर संस्थानाचा चेलुवांबा महाल देण्यात आला. राजकन्येसाठी बांधलेल्या दालनांत पिठे, तेले आणि धान्य यांची परीक्षा होऊ लागली. सुब्रह्मण्यन् हे तिचे पहिले संचालक झाले. बंगळूरहून म्हैसूरला गेलेला हा विचार असा होता की, अन्नशास्त्राने प्रयोगशाळेतून थेट गिरणीत, कोठारात आणि स्वयंपाकघरात उतरले पाहिजे.

उकडा तांदूळ : जुनी रीत, नवे शास्त्र

साळ भिजवणे, वाफवणे, वाळवणे आणि मग सडणे ही रीत भारतात फार प्राचीन आहे. कोकणात व गोव्यात उकड्या तांदळाची पेज आजही प्रिय आहे. न उकडलेल्या तांदळाला तेथे ‘सुरय’ म्हणतात. ही रीत का उपयुक्त ठरते हे शास्त्राने नंतर समजावून दिले.

साळ भिजली की पाणी दाण्याच्या आत शिरते, आणि कोंड्याच्या थरातील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्याच्याबरोबर गाभ्याकडे जातात. वाफ दिली की गाभ्यातील पिष्टाचे कण फुगतात व एकमेकांत मिसळून चिकट होतात. दाणा वाळला की हे पिष्ट काचेसारखे घट्ट बसते. ह्यामुळे तीन लाभ होतात. दाण्यातील भेगा सांधल्या जातात, म्हणून तो गिरणीत कमी तुटतो. जीवनसत्त्वे आत घट्ट बसल्यामुळे कोंडा काढला तरी ती सर्वच्या सर्व जात नाहीत. आणि टणक दाण्याला कीड लवकर लागत नाही.

मग ही रीत सर्वत्र का पसरली नाही? कारण तिला वास येई. साळ थंड पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवावी लागे. तेवढ्या वेळात ती आंबे, पाणी कुजे आणि तांदळाला दुर्गंधी येई. म्हैसूरच्या संस्थेने ह्यावर जो उपाय सुचवला तो साधा होता. सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या गरम पाण्यात साळ तीन ते चार तासच भिजवावी. एवढ्या उष्णतेत आंबवणारे जंतू वाढू शकत नाहीत आणि पाणीही दाण्यात लवकर शिरते. दिवसांचे काम तासांवर आले आणि वास गेला. ह्या पद्धतीचा पुढे गिरण्यांतून मोठा प्रसार झाला. जुनी लोकरीत टाकून न देता तिच्यातील दोष तेवढा काढणे, हे ह्या शोधाचे खरे वैशिष्ट्य होय.

जो तांदूळ ताटात टिकला नाही

ह्याच संस्थेतील दुसऱ्या एका प्रयत्नाची कथा वेगळी आहे. १९५० च्या दशकात तांदळाची टंचाई भासत असताना, ज्या कंदापासून साबुदाणा करतात त्या टॅपिओकाचे पीठ आणि तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ एकत्र करून त्यांचे तांदळासारखे दाणे बनवण्यात आले. पिष्ट कंदातून आणि प्रथिने शेंगदाण्यातून मिळत असल्यामुळे पोषणाच्या दृष्टीने हे दाणे उपयुक्त होते. तरीही लोकांच्या ताटात त्यांनी तांदळाची जागा घेतली नाही. भाताचा वास, त्याचा मऊपणा, आमटीशी त्याचे होणारे मीलन ह्या गोष्टी तराजूत मोजता येत नाहीत, पण जेवणारा माणूस त्या मोजतो.

ह्याउलट बंगळूरच्या एका उपाहारगृहात ह्याच काळाच्या थोडे आधी एक पर्याय सहज रुजला. १९२४ साली सुरू झालेल्या मावळ्ळी टिफिन रूम्सची परंपरा असे सांगते की, महायुद्धाच्या काळात इडलीसाठी तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा तेथे गव्हाच्या रव्याची इडली करून पाहण्यात आली. ती लोकांना आवडली आणि टंचाई संपल्यावरही टिकून राहिली. आज रवा इडली हा बंगळूरचा स्वतःचा पदार्थ मानला जातो. पदार्थाचे नाव, आकार आणि खाण्याची रीत तीच राहिली. धान्य तेवढे बदलले. कृत्रिम तांदळाला जे साधले नाही ते रव्याच्या इडलीला का साधले, ह्याचा विचार प्रत्येक अन्नशास्त्रज्ञाने करावा असा आहे.

मूळच्या इडलीतही शास्त्र कमी नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन नावाचे आवश्यक अॅमिनो आम्ल कमी असते. उडदासारख्या डाळीत ते भरपूर असते. डाळींत ज्या मिथायोनीनची उणीव असते ते तांदूळ पुरवतो. रात्रभर पीठ ठेवले की दाण्यांवरचे नैसर्गिक जंतू आम्ल व कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करतात. वायूने पीठ फुगते आणि आम्लामुळे ते लवकर नासत नाही. वरण-भातातही धान्य व डाळ यांची हीच जोडी असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्वयंपाकाने शोधलेले हे मेळ आहेत. शास्त्राने त्यांची कारणे सांगितली.

ओली साळ आणि तंजावर

१९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आय-आर ८’ हे ठेंगणे व भरघोस उत्पन्न देणारे वाण प्रसृत केले. १९६८ साली भारतात ‘जया’ हे वाण आले. महाराष्ट्रात कर्जत येथील संशोधन केंद्राने कोकणासाठी निरनिराळी वाणे तयार केली. उत्पन्न वाढले, पण त्याबरोबर नवी अडचणही आली. लवकर तयार होणारे पीक कित्येक भागांत ऐन पावसात कापावे लागू लागले. कापणीच्या वेळी साळीत २० ते २४ टक्के ओलावा असतो, आणि सुरक्षित साठवणीसाठी तो १४ टक्क्यांच्या खाली यावा लागतो. ऊन नसेल तर साळीचे ढीग तापतात, दाणे पिवळे पडतात, त्यांना मोड येतात किंवा बुरशी लागते. शेतात मिळालेले यश खळ्यावर गमावण्याची वेळ येते.

कावेरीच्या मुखाजवळील तंजावर भागात हे संकट विशेष होते. तेथे १९६७ साली तिरुवारूर येथील आधुनिक गिरणीला जोडून साळीवरील प्रक्रियेचे संशोधन केंद्र सुरू झाले. म्हैसूरहून निवृत्त झालेले सुब्रह्मण्यन् ह्या कामाचे प्रवर्तक होते. ओली साळ काही दिवस तग धरावी म्हणून तिच्यात मीठ व तुसाची पूड मिसळण्यासारखे, शेतकऱ्याला परवडतील असे उपाय तेथे शोधण्यात आले. पुढे तंजावरला हललेले ते केंद्र आज राष्ट्रीय पातळीवरील अन्न तंत्रज्ञान संस्था बनले आहे. बुडालेल्या जमिनीपासून ओल्या साळीपर्यंत एका शास्त्रज्ञाने केलेला हा प्रवास तांदळाच्याच प्रवासासारखा आहे.

एका टक्क्याची किंमत

२०२२-२३ ह्या वर्षात भारतात सुमारे साडेतेरा कोटी टन तांदूळ पिकला. त्यासाठी अंदाजे २० कोटी टन साळ भरडावी लागते. म्हणजे भरडणीत शंभरामागे केवळ एक किलो तांदूळ अधिक निघाला तरी देशाला वीस लाख टन धान्य मिळते. त्यासाठी नवी जमीन लागत नाही की पाण्याचा एक थेंबही लागत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत तृणधान्यांची कापणीपासून पुढील नासाडी ४.६५ ते ५.९९ टक्के आढळली होती. हे प्रमाण लहान भासते. पण वरचा हिशेब ध्यानी घेतला म्हणजे त्याचा अर्थ उमगतो.

जुन्या हलर गिरणीत साल काढणे व सडणे ही दोन्ही कामे एकाच लोखंडी नळकांड्यात घर्षणाने होत. त्यामुळे तांदूळ तुटे आणि तूस व कोंडा एकमेकांत मिसळून दोन्हींचे मोल जाई. आधुनिक गिरणीत निरनिराळ्या वेगांनी फिरणाऱ्या दोन रबरी रुळांमधून साळ जाते; तूस हलकेच सुटते, आणि सडण्याचे काम नंतर वेगळ्या यंत्रात होते. कोंडा स्वच्छ मिळू लागला हा ह्या बदलाचा मोठा लाभ होय.

कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते. परंतु दाणा सडला जाताच कोंड्यातील एक वितंचक त्या तेलाचे विघटन करू लागते. काही तासांतच कोंड्याला खवट वास येऊ लागतो आणि थोड्या दिवसांत ते तेल खाण्यास निरुपयोगी होते. कोंडा गिरणीतून निघताच तापवला तर हे वितंचक निष्क्रिय होते. एवढी साधी दक्षता घेतल्यामुळे पूर्वी गुरांपुढे टाकला जाणारा किंवा साबणासाठी जाणारा कोंडा आज खाद्यतेल देऊ लागला आहे.

तुसाचे काय? वर दिलेल्या हिशेबाने देशात दरवर्षी सुमारे चार कोटी टन तूस निघते. जनावरे ते खात नाहीत, ते लवकर कुजत नाही आणि जागा फार अडवते. ते जाळले तर मात्र दगडी कोळशाच्या जवळजवळ निम्मी उष्णता देते. म्हणून पुष्कळ गिरण्या साळ उकडण्यासाठी व वाळवण्यासाठी तेच जाळतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकापासून अशा काडीकचऱ्याचे ज्वलनशील वायूत रूपांतर करण्याच्या भट्ट्यांवर संशोधन झाले आहे. बेताची हवा देऊन इंधन जाळले की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन असलेला वायू मिळतो, आणि त्यावर इंजिन चालून वीज निर्माण होते. मागे उरणारी राखही फुकट जात नाही. तुसाच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढी राख पडते आणि तिच्यातील बहुतांश भाग सिलिका असतो. ह्या राखेतून शुद्ध सिलिका मिळवण्याची रीतही ह्याच संस्थेत विकसित झाली. टायर, रंग व दंतमंजन ह्या उद्योगांना ही सिलिका लागते.

पाण्याचा प्रश्न

भाताच्या खाचरातील पाणी हा आजचा सर्वांत बिकट प्रश्न आहे. एक किलो साळ पिकवण्यासाठी पाऊस व कालवा मिळून सरासरी सुमारे २,५०० लिटर पाणी लागते. बंगळूरचे पिण्याचे पाणी मुख्यतः कावेरीतून येते आणि मंड्याच्या परिसरातील भातशेतीही कावेरीवरच अवलंबून आहे. कृष्णराजसागर धरणात पाणी कमी झाले की शहराची तहान व शेताची तहान एकमेकींसमोर उभ्या राहतात. शिवाय पाण्याखालच्या, प्राणवायू नसलेल्या ज्या मातीचा अभ्यास सुब्रह्मण्यन् यांनी केला होता, तीच माती मिथेन वायू सोडते आणि हा वायू वातावरणाची उष्णता वाढवतो.

बंगळूर येथे १९६० च्या दशकात स्थापन झालेल्या कृषि विज्ञान विद्यापीठाने ह्यावर एक मार्ग शोधला. तेथे नाचणी किंवा मक्याप्रमाणे कोरड्या जमिनीत पेरता येईल, चिखलणी व लावणी लागणार नाही आणि शेतात पाणी तुंबवावे लागणार नाही अशा भाताची पैदास करण्यात आली. जमिनीत हवा खेळती राहते म्हणून त्याला ‘वायुजीवी भात’ म्हणता येईल. ‘एम-ए-एस ९४६-१’ हे असे वाण २००७ साली कर्नाटकासाठी प्रसृत झाले. ह्या पद्धतीत पाण्याची मोठी बचत होते. मात्र तण फार माजते, कारण खाचरातील पाणी हे तणाला दाबून ठेवण्याचे कामही करत असते. म्हणून ही रीत सर्वत्र लागू पडेल असे नाही. जमीन, पाणी व मजूर पाहूनच तिची निवड करावी लागते.

पुन्हा दाण्याकडे

भुकेच्या प्रश्नाचे स्वरूपही आता बदलले आहे. अनेकांना पोटभर भात मिळतो, पण रक्तक्षय हटत नाही. २०२१ साली भारत सरकारने शासकीय योजनांतून लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळलेला तांदूळ देण्याची घोषणा केली. तांदळाच्या पिठात ही द्रव्ये घालून त्याचे तांदळासारखे दाणे पाडतात आणि साध्या तांदळात शंभरास एक ह्या प्रमाणात मिसळतात. एकेकाळी अयशस्वी ठरलेली कृत्रिम दाण्याची कल्पना येथे नव्या रूपाने उपयोगी पडली. ह्या वेळी ती तांदळाला हटवीत नव्हती, त्याच्या सोबतीला येत होती. त्याबरोबरच भाजी, डाळ आणि नाचणी यांनी समृद्ध झालेल्या जेवणाची जागा असा तांदूळ घेऊ शकत नाही हेही लक्षात ठेवले पाहिजे. बंगळूरच्या पठारावरील जुनी रागी, म्हणजेच सह्याद्रीच्या उतारावरची नाचणी, चुन्याच्या अंशाने म्हणजे कॅल्शियमने विशेष समृद्ध आहे.

वर सांगितलेल्या गोष्टी शाळेतही पडताळून पाहता येतील. १०० ग्रॅम वाळलेली साळ तोलून घ्यावी, लहान उखळात हलक्या हाताने कुटावी व सुपात पाखडावी. तूस, तांदूळ आणि कण्या वेगवेगळ्या तोलून त्यांची शेकडेवारी मांडावी. तीच कृती नीट न वाळलेल्या साळीवर करून कण्यांचे प्रमाण ताडून पाहावे. मग सुरय व उकडा असे दोन दाणे खिडकीतील उजेडासमोर धरावेत. पहिला दुधासारखा पांढरट दिसेल, तर दुसरा पिवळसर व काचेप्रमाणे पारदर्शक. शेवटी तांदूळ धुतलेले पहिले पाणी पेल्यात घेऊन पाहावे. त्या गढूळ पाण्यातून ब गटातील जीवनसत्त्वांचा एक अंश निघून जात असतो. म्हणून तांदूळ फार वेळा धुऊ नये आणि शिजवलेल्या भाताचे पाणी ओतून टाकू नये.

शेतकऱ्याने चार महिने खपून पिकवलेला दाणा खळ्यात, कोठारात, गिरणीत आणि चुलीवर पुन्हा एकदा जिंकावा किंवा हरावा लागतो. बंगळूर, म्हैसूर व तंजावर येथील संशोधनाचा सारांश एवढाच आहे. त्यातील शेवटची लढाई प्रत्येक घरात होते, आणि ती जिंकण्यासाठी मोठ्या यंत्रांपेक्षा थोड्या जाणतेपणाची अधिक गरज आहे.